गुडघ्यांचं जागरण

बायको गेल्यावर मी रात्री झोपत नव्हतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. कशामुळे झोपत नव्हतो, ते मात्र बरेच दिवस मला एकट्यालाच माहीत होतं. आता पोरीला, जावयाला आणि डॉक्टरला कळलं आहे, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. जसं बोलतो तसंच लिहिणार.

माझा जन्म जळगावजवळच्या असोद्यात केळीचे घड वाहण्यात गेला. बागेत ट्रक येत नाही, पाण्यानं जमीन भुसभुशीत असते, चाक रुततं. ट्रक बांधाबाहेर रस्त्यावर उभा राहायचा आणि आम्ही घड डोक्यावर घेऊन चिखलातून त्याच्याकडे पळायचो. पळायचंच. सावकाश चाललं तर पाय आत जातो आणि डोक्यावरच्या ओझ्यासकट माणूस बसतो. मी कधी बसलो नाही, त्याची मला फार घमेंड होती. माझ्याच टोळीतला, माझ्याच वयाचा शेजारी जेव्हा काठी घेऊन चालायला लागला, तेव्हा मी त्याला भर चौकात तीन पायांचा म्हणालो होतो. त्याला सगळे नाना म्हणतात. तो हसला होता आणि म्हणाला होता, "येशील रे बाप्पा, तू पण येशील."

मी आलो. बायको जाण्याच्या दोनेक वर्षं आधीपासूनच आलो होतो. दिवसा कळायचं नाही, म्हणजे कळायचं पण लपवता यायचं. ओट्यावरून उठताना खांब धरायचा आणि खांबाकडेच काही काम असल्यासारखं बघायचं. रात्री लपवता येत नाही. पडल्यावर झोप लागायची, पण झोपेत कूस बदलली की गुडघ्यात कोणी पाचर ठोकल्यासारखी कळ यायची. उठून खाटेवरून पाय खाली सोडून बसायचो, चोळायचो. कळ बसेपर्यंत झोप निघून गेलेली असायची. बायको अर्धवट जागी होऊन विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "पाणी प्यायला उठलो." ती म्हणायची, "पाणी पिलं म्हणजे पुन्हा उठाल. पडा गप. मला सकाळी उठायचं आहे." आणि घोरायला लागायची. तिला कुठेही झोप लागायची, बसमध्ये उभ्या उभ्या लागायची.

कोणी म्हणेल, ती रोज रात्री तेल लावून पाय दाबत असेल, ती गेली म्हणून दुखणं वाढलं. तसं काही नाही. तिनं माझे पाय कधी दाबले नाहीत. मी तसं बोललो असतो तर म्हणाली असती, माझे कोण दाबतो ते आधी सांगा.

ती दसऱ्यानंतर गेली. ताप आला, डोक्यात गेला, दवाखान्यातून परत आणली ती बोललीच नाही. घरीच गेली, मधल्या खोलीत. तिथं जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला. आम्हाला मुलगा नाही, एकच पोरगी, धुळ्याला दिलेली. म्हणून सगळं क्रियाकर्म मीच केलं. आमच्याकडे जो क्रिया करतो, तो गंधमुक्ती होईपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, खाटेवर झोपत नाही. दिव्याजवळ जमिनीवर घोंगडी टाकून झोपायचं.

पहिल्या रात्री झोपलो. पहाटे उठायला गेलो तर उठता येईना. पालथा झालो, हातांवर आणि गुडघ्यांवर उभा राहायला गेलो आणि गुडघे टेकले तसा तोंडातून आवाज निघाला. पोरीनं आणि माझ्या चुलत वहिनीनं काखेत हात घालून मला उभं केलं. दोघी रडत होत्या. त्या कशासाठी रडत होत्या आणि मी कशासाठी ओरडलो, याचा तेव्हा कोणी हिशोब केला नाही.

दुसऱ्या रात्रीपासून मी आडवा झालोच नाही. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून दिव्याजवळ बसून राहिलो. डुलकी लागायची, मान पडायची, पुन्हा जाग यायची. घरात पाहुण्या बाया झोपलेल्या होत्या. त्यांना रात्री जाग आली की मी बसलेला दिसायचो, दिव्याकडे बघत. अंधारात दिवा सोडून बघायला दुसरं होतं काय.

सकाळी दारावर लोक यायचे. भेटायला येण्याला आम्ही दारावर येणं म्हणतो. आलेल्यांना वहिनी हळू आवाजात सांगायची, "भाऊ रात्रभर पाठ टेकत नाहीत. बठ्ठी रात्र दिव्याजवळ." म्हातारे माझा हात धरायचे. भडगावहून माझा मेहुणा आला. हा माणूस आयुष्यात माझ्याशी दोन शब्द धड बोलला नव्हता, कारण घड वाहणाऱ्याला बहीण दिली याचा त्याला राग होता. तो माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "दाजी, मी तुम्हाला ओळखलं नाही. माझ्या बहिणीनं नशीब काढलं."

मी मान खाली घातली. तेही त्यांनी दुःखातच धरलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घरात बायकोचा दिवा जळतोय आणि नवरा म्हणतो माझे गुडघे दुखतात, हे तोंडातून निघेना. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. शिवाय नाना काठी टेकवून समोरच बसला होता.

खरं सांगायचं तर एवढंच कारण नव्हतं. मेहुण्यानं म्हटलेलं मला आवडलं होतं.

गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले. पोरगी म्हणाली, "मी चार दिवस राहते, तुम्हाला झोप लागेपर्यंत." माझी खाट परत आत आली. पोरगी खाटेशेजारी जमिनीवर अंथरूण टाकायची. रात्री मी उठून बसलो की ती लगेच जागी व्हायची.

"काय झालं आबा?"

"काही नाही."

"आईची आठवण आली?"

"हं."

त्या एका 'हं'वर तिचे चार दिवस कुठच्या कुठे गेले. दिवाळी गेली, थंडी पडली. आमच्याकडे पौषात थंडी हाडात शिरते आणि मग गुडघे पहिल्यासारखे एकदा नाही, दोनदा तीनदा उठवतात. जितका मी उठायचो, तितकं तिला वाटायचं आबा खचत चालले. ती चहा करायची. रात्री-बेरात्री आम्ही बापलेक चहा पीत बसायचो आणि ती आईच्या गोष्टी सांगायची.

त्यातल्या कितीतरी मला माहीत नव्हत्या. माझी बायको माहेरी असताना गिरणा नदीच्या वाळूत सायकल शिकली होती. मी तिला उभ्या जन्मात सायकलवर पाहिली नाही. पोरीनं सांगितलं, ती सहावीत असताना मी बागेत गेलो की आई शेजारच्यांची सायकल घ्यायची आणि तिला मागे बसवून मळ्यापर्यंत जाऊन यायची. एकदा दोघी पडल्या. आईचा हात सोलला होता आणि मला सांगितलं होतं, तव्याचा चटका बसला. मला तो चटका आठवला. मी तेव्हा म्हटलं होतं, बघून काम करत जा.

मी उसाला लागलेल्या मुंगीसारखा त्या गोष्टींना चिकटलो. गुडघा ठणकायचा, आणि मी बसून आणखी सांग म्हणायचो. पुढं पुढं असं झालं की रात्री जाग आली नाही तर आपलं काही बुडेल असं वाटायचं. म्हणून दिवसा झोपून घ्यायचो. सकाळचं ऊन ओट्यावर आलं की आडवा व्हायचो तो जेवायलाच उठायचो. गल्लीतून कोणी मोठ्यानं बोलत गेलं तर पोरगी बाहेर येऊन हातानं गप करायची. "आबा रात्रभर जागे होते."

नाना एकदा तिला म्हणाला, "तो रात्री जागतो म्हणून दिवसा झोपतो, का दिवसा झोपतो म्हणून रात्री जागतो, ते बघ एकदा बाई." ती त्याच्यावर चिडली. मी डोळे मिटून ऐकत होतो.

पोरीची पोरगी धुळ्याला, दहावीला. रोज संध्याकाळी दोघींचा फोन चालायचा. पोरगी माझ्याकडे पाठ करून हळू बोलायची, पण घर केवढं, फोनमधलंसुद्धा सगळं ऐकू यायचं. नात विचारायची, वरणात पाणी जास्त झालं तर काय करू. बाबांचा डबा भरला की क्लासला उशीर होतो. मग एक दिवस पोरगी फोनवर म्हणाली, "गणितात एवढेच? कसे काय गं?" पूर्वपरीक्षेचे मार्क आले होते. फोन ठेवून तिनं डोळे पुसले आणि माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसली. मी गोधडी अंगावर ओढून घेतली. थंडी वाजते असं दाखवलं.

मला कळत होतं, हे लिहून ठेवतो. मी एवढं म्हणायचं होतं की बाई, माझे गुडघे दुखतात, तू घरी जा, मी दवाखान्यात जातो. ती दुसऱ्या दिवशी गेली असती. तेच मला नको होतं.

संक्रांत झाली आणि जावई आला. त्याचं धुळ्यात पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. शांत माणूस, घरात अहिराणी बोलणारा. मला वाटलं भांडायला आला. भांडला असता तर बरं झालं असतं. जेवून झाल्यावर ओट्यावर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "आबा, मी तिले न्यायला नही आलो. तुमले झोप लागाले लागनी म्हणजे धाडा. घर बठ्ठं ठीक शे."

"पोरीची परीक्षा?"

"व्हई जाई. मनी माय म्हणे, बापनाजवळ ऱ्हाऊ दे तिले." मग लाजत म्हणाला, "आमना गल्लीमा मी तुमनं सांगस लोकेसले. बायकोवर इतली माया मी कुठे देखी नही."

धुळ्याच्या त्याच्या गल्लीतसुद्धा मी पोचलो होतो. मी खांबाकडे बघत बसलो.

तरी तेव्हाही मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच रिक्षा आणली आणि आम्ही तिघं जळगावला डॉक्टरकडे गेलो, झोपेचं औषध आणायला. डॉक्टर तरुण होता. पोरीनंच सगळं सांगितलं. आई गेली, तेव्हापासून झोप नाही, रात्री उठून बसतात, विचारलं तर आठवण येते म्हणतात. डॉक्टर ऐकत होता आणि लिहीत होता. मग पेन थांबवून म्हणाला, "गोळी देतो, पण या वयात ही गोळी घेऊन रात्री उठलं तर तोल जातो, पडायची भीती असते. थोड्या दिवसांसाठीच देतोय. तेवढे दिवस रात्री जवळ कोणीतरी जागं राहणारं पाहिजे. आहे का कोणी?"

पोरगी म्हणाली, "मी आहे." जावयाकडे बघून म्हणाली, "तिची परीक्षा होईपर्यंत तुमची आई येईल ना घरी?"

जावई म्हणाला, "येईल." पण त्यानं ते जमिनीकडे बघून म्हटलं. त्याच्या आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही, ती काय येणार आणि काय करणार.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "डॉक्टर, गोळी नको. मला झोप येते. गुडघे झोपू देत नाहीत."

डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून?"

"बायको होती तेव्हापासून."

"तेव्हा दाखवलं का नाही?"

त्यानं मला टेबलावर झोपवलं, पाय वाकवला. गुडघा करकर वाजला, तो पोरीला पण ऐकू गेला. त्यानं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, दाबून, फिरवून बघितलं. म्हणाला, आतली गादी झिजली आहे, ती पुन्हा भरून येत नाही, पण दुखणं कमी करता येतं. मग खुर्चीत बसून म्हणाला, "बाबा, दुखतं म्हणून झोप मोडते, हे तुम्हाला कळलं. पण झोप मोडते म्हणून दुखणं जास्त जाणवतं, हेही आहे. उपाशी माणसाला ओझं जास्त लागतं ना, तसं. तुम्ही दिवसा झोपत असाल."

पोरगी म्हणाली, "दुपारपर्यंत."

"आणि रात्री उठल्यावर?"

"चहा करते मी." ती इतकं हळू म्हणाली की डॉक्टरनं पुन्हा विचारलं.

त्यानं तिला दोष दिला नाही. गुडघ्याची औषधं लिहिली, मलम लिहिलं. झोपण्याआधी शेकायचं, कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी ठेवायची. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा आणि सोडायचा, मांडीत ताकद आली की गुडघ्यावर भार कमी येतो. सकाळी चालायचं. दिवसा आडवं व्हायचं नाही, संध्याकाळनंतर चहा नाही. मी मान डोलावत होतो. पोरगी माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवर हाडांचं चित्र होतं त्याच्याकडे बघत होती.

जावई औषधं आणायला गेला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. ती म्हणाली, "मी रोज विचारायची, आईची आठवण आली का. तुम्ही हं म्हणायचे."

"हं म्हणायचो."

"म्हणजे येत नव्हती?"

"येते. दिवसा येते."

"दिवसा तर तुम्ही झोपलेले असायचे, आबा."

एवढं बोलून ती उठली आणि जावयाच्या मदतीला दुकानाकडे गेली. ती रागानं बोलली असती तर मी काहीतरी उलटून बोललो असतो, माझा स्वभाव तसा आहे. पण ती हिशोब मांडल्यासारखी साधी बोलली आणि तो बरोबर होता.

घरी येऊन तिनं पिशवी भरली. माझ्यासाठी उशीला जुन्या लुगड्याची खोळ शिवली, शेकायची पिशवी कुठं आहे ते दाखवलं, नानाच्या सुनेला डब्याचं सांगितलं. जाताना पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "बाई, तुझ्या पोरीचं नुकसान केलं मी." ती म्हणाली, "अजून महिना दीड महिना आहे, होईल तिचं." मग दाराशी थांबून म्हणाली, "मला वाटायचं आपण दोघं आईसाठी जागतो." जावयानं पिशवी उचलली, मला नमस्कार केला, पण ओट्यावर बोलला होता तसं काही बोलला नाही.

औषधानं लगेच फरक पडला नाही. दिवसा न झोपणं फार जड गेलं. डोळे मिटायला लागले की उठून नानाच्या ओट्यावर जायचो. त्याला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. तो म्हणाला, "मला दिसत होतं रे. तू भिंत धरून उठायचा. मी काही बोललो नाही, म्हटलं बायको गेलेल्या माणसाला काय बोलायचं." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्याची जुनी काठी दिली. त्यानंतर जे म्हणाला ते लिहीत नाही, पण पायांच्या संख्येबद्दल होतं.

मग एक सकाळ अशी आली की दार कोणी तोडतंय असं वाटलं. डोळे उघडले तर खोलीत ऊन. गुडघ्यांमधे उशी तशीच होती. बाहेर माझ्या नावानं हाका चालल्या होत्या. काठी घेऊन दार उघडलं तर पुढे अर्धी गल्ली. दूधवाला येऊन गेला, नानाच्या सुनेनं चहा घेऊन दोनदा दार वाजवलं, मी उठलो नाही. मग कोणीतरी म्हटलं असेल, भाऊ बायकोच्या मागे गेले. वहिनी तर पदर तोंडाला लावून रडतच होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांत चिपडं, केस उभे, तोंड सुजलेलं. झोपलेल्या माणसाचं तोंड लपत नाही.

"झोपलो होतो," मी म्हटलं.

वहिनीनं पदर खाली घेतला आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मी तिचं काही चोरलं आहे. मग एकेक जण आपापल्या कामाला गेला. नाना मागे त्याच्या ओट्यावर बसला होता, तो फक्त म्हणाला, "चहा गरम करायला सांग रे कोणी."

तेवढ्यात कळलं की घाबरून कोणीतरी धुळ्याला फोन लावला आहे. फोन माझ्या हातात दिला. पोरगी रडत होती, मागे नातीचा आवाज येत होता, काय झालं गं, काय झालं.

"मी आहे," मी म्हटलं. "झोपलो होतो."

"खरं सांगा आबा."

"खरंच झोपलो होतो. रात्री पडलो तो आत्ता उठलो."

तिकडे ती नाक ओढत होती. मग तिनं नातीला सांगितलं, झोपले होते, तू अभ्यासाला बस. मला वाटलं आता फोन ठेवेल. ठेवला नाही. मला तिला सांगायचं होतं की माझी लाज वाटते. बायको जाऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि मी म्हातारा, पोटभर झोपून उठलो आणि अंग हलकं लागतंय, याची लाज वाटते. पण हे फोनवर, समोर लोक असताना, कसं बोलायचं.

शेवटी तीच म्हणाली, "आज दिवसा झोपू नका."

"नाही झोपत."

"मग काय कराल?"

मी ओट्याकडे बघितलं. सगळा दिवस पुढे पडला होता. म्हटलं, "तुझ्या आईनं सायकल कोणाची घेतली होती, ते नानाला विचारणार आहे. त्याचीच असेल."

ती म्हणाली, "त्यांचीच होती. पण मला पण सांगा, ते काय म्हणतात ते. संध्याकाळी फोन करते."

मी खांब धरला आणि ओट्यावरून उतरलो.